मागून येणाऱ्यासाठी दोन अक्षरं

चंदर पेंटरचं तेरावं गुरुवारी झालं आणि शुक्रवारी सकाळी काळूराम ड्रायव्हर अंगणात येऊन उभा राहिला. चपला बाहेर काढल्या, पण आत येईना.

"बस ना रे," चंदरची बायको देवकीबाई म्हणाल्या.

"बसत नाय काकी. शेठनं पाठवलंय. रविवारी धसईला गाडीची पूजा हाय." तो जरा घुटमळला. "दादाचं सगळं काम झालंय. फक्त मधली दोन अक्षरं ऱ्हायलीत. शेठ बोलले, मुरबाडच्या कुठल्या पण पेंटरकडनं भरून घे. मला बरं नाय वाटलं. म्हटलं, आधी घरी इचारावं."

अक्षदा ओटीवर भांडी पुसत होती. हात थांबला. मधली दोन अक्षरं म्हणजे कोणती, हे तिला विचारावं लागलं नाही. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न' आणि 'प्लीज' यांच्यामध्ये जे 'ओके' असतं, ते बाबा नेहमी सगळ्यांत शेवटी लिहायचे. त्यानंतर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'चंदर पेंटर, शहापूर', आणि मग ब्रश धुवायला घ्यायचे. बत्तीस वर्षांत हा क्रम कधी बदलला नव्हता.

"मी लिहिते," ती म्हणाली.

देवकीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग खुंटीवरची दुकानाची चावी काढून तिच्या हातात दिली. "दोन दिसांनी तुला मुरबाडला जायाचं हाय. त्यांचं शेवटचं काम दुसऱ्याच्या हातानं नको."

दुकान म्हणजे हायवेच्या कडेला, मंगळू बॉडीवाल्याच्या आवाराला लागून उभारलेली पत्र्याची खोली. मंगळू नुसत्या चाकांवर आलेल्या गाडीला लाकडाची आणि लोखंडाची बॉडी चढवायचा, चंदर ती रंगवायचा. दोघांची मैत्री वीस वर्षांची, आणि भांडणंही तेवढीच जुनी. अक्षदानं कुलूप काढलं. रंगाचा वास अंगावर आला तशी ती क्षणभर उंबऱ्यातच थांबली. मग तिनं दार पूर्ण उघडून बाहेरच्या भिंतीला टेकवलं, उजेड यावा म्हणून. तेव्हा दाराच्या आतल्या बाजूची नऊ 'ओके' तिच्यासमोर आली.

ती तिनंच जमवलेली होती. म्हणजे रंगवली बाबांनी, पण आणून दिली तिनं.

अक्षदा मुरबाडच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. एक्क्याण्णव साली नोकरीला लागली. पहिल्याच वर्षी एका जाड शब्दकोशात तिला 'ओके'ची हकिगत सापडली. रविवारी एसटीनं शहापूरला आल्यावर तिनं ती बाबांना सांगितली. अमेरिकेत बोस्टन गावी दीडशे वर्षांपूर्वी वर्तमानपत्रवाल्यांना एक खूळ लागलं होतं. मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करायचं आणि त्याची पहिली अक्षरं छापायची. 'ऑल करेक्ट', म्हणजे 'सगळं बरोबर', हे दोन इंग्रजी शब्द त्यांनी असे चुकवून लिहिले, की दोन्ही शब्दांचं पहिलंच अक्षर चुकलं. त्या दोन चुकलेल्या अक्षरांचं झालं 'ओके'.

चौथी शिकलेल्या चंदरनं ब्रश खाली ठेवला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "म्हंजे 'बरोबर' लिव्हताना चुकले, आणि ते साऱ्या जगात चाललं! अगो, आमच्या गुरुजींना हे कोणी सांगितलं असतं, तर माझा मार वाचला असता!" आणि त्याच दुपारी त्यानं दाराच्या मागे वर्तमानपत्रासारखी ठोकळेबाज काळी अक्षरं काढली. ते पहिलं.

मग तिला नादच लागला. त्याच साली नाही, पण पुढच्या बारा वर्षांत सापडेल तसं ती आणत गेली. त्या बोस्टनच्या खुळानंतर पुढच्याच वर्षी अमेरिकेत निवडणूक होती. उभ्या राहिलेल्या एका पुढाऱ्याला त्याच्या गावावरून लोक 'जुना अमुककर' म्हणत. इंग्रजीत 'ओल्ड' म्हणजे जुना, त्याचा 'ओ' आणि गावाच्या नावाचा 'के', अक्षरं तीच निघाली. त्याच्या माणसांनी ती झेंड्यावर घेतली, म्हणून शब्द टिकला.

"निवडून आला का?" चंदरनं विचारलं.

"नाही. पडला."

"बघ. माणूस पडला, अक्षरं उभी." त्यानं दुसरं 'ओके' एका फडफडत्या झेंड्यावर काढलं.

कोणी म्हणे, तिथल्या मूळच्या रहिवाशांच्या चोक्ताव भाषेत 'असंच आहे' म्हणायला असाच शब्द होता. कोणी म्हणे, आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांच्या बोलीतून तो आला. ग्रीकांचंही म्हणणं होतं की तो आमचाच. ट्रकवरच्या 'ओके'ची तर वेगळीच भांडणं. महायुद्धाच्या काळात गाड्या रॉकेलवर, म्हणजे इंग्रजीत 'ऑन केरोसिन', चालत, भडका उडू नये म्हणून मागच्याला दिलेला तो इशारा, असं एकाचं मत. तो एका साबणाचा छाप होता आणि फुकटात जाहिरात व्हायची, असं दुसऱ्याचं. ओव्हरटेक थोडक्यात 'ओटीके' लिहीत, त्यातलं मधलं अक्षर झिजून गेलं, असं तिसऱ्याचं. अक्षदा प्रत्येक वेळी सांगायची की याला पुरावा आहे, याला नाही, हे नुसतं ऐकीव आहे. चंदर सगळं कान देऊन ऐकायचा आणि पुराव्याचा हिशेब न धरता प्रत्येकाला दारावर जागा द्यायचा. साबणाचं त्यानं फेसाच्या बुडबुड्यांनी काढलं होतं. आफ्रिकेतून आलेल्याच्या दोन अक्षरांना त्यानं एक तुटलेली साखळी जोडली होती.

तिनं मोठमोठ्या विद्वानांचं वाचलं होतं. पण गोष्ट ऐकून तिचा आकार हातानं काढून दाखवणारा माणूस तिनं एकच पाहिला होता, आणि तो आपला बाप होता हे तिला कधीच साधं वाटलं नाही.

तिनं खारीच्या केसांचा ब्रश घेतला, लाल रंगाचा डबा ढवळला आणि बाहेर आली.

गाडी मंगळूच्या आवारात उभी होती. मागच्या फाळक्यावर, म्हणजे ट्रकच्या पाठीमागच्या उघडत्या फळीवर, पिवळ्या जमिनीवर एक कमळ, दोन्ही बाजूंना पोपट, आणि खाली 'हॉर्न' आणि 'प्लीज'. मधल्या जागेत खडूनं आखलेली दोन मोठी इंग्रजी अक्षरं, आत रंग नाही. खडू अजून स्वच्छ होता. बाबांचा हात त्यात इतका स्पष्ट दिसत होता की तिनं नजर खाली घेतली.

"काळूराम, दिवे वगैरे ठीक आहेत ना?" तिनं विचारलं. बाबा आधी गाडीभोवती एक फेरी मारायचे, हे तिला माहीत होतं. लहानपणी ती त्यांच्या मागे मागे चालायची.

"एकदम कडक, ताई. नवी गाडी हाय."

तिनं स्टूल ओढलं. पहिलं अक्षर भरायला घेतलं. 'ओ'ची डावी कड, उजवी कड, मग आतलं पोट. खडूच्या रेषेला रंग बरोबर टेकत होता. भरून झालं तशी ती, बाबांनी शिकवल्याप्रमाणे, वीस पावलं मागे गेली. अक्षर जवळून कोणीच वाचत नाही, ते म्हणायचे. वीस पावलांवरून बघ, मग काय ते बोल.

वीस पावलांवरून तिला एक लाल 'ओ' दिसला आणि त्याच्या मागे बाबा दिसले नाहीत. म्हणजे ते या गाडीभोवती फेरी मारताना डोळ्यांसमोर आले नाहीत. बाबांनी ही गाडी बघितली होती का, हे आपण विचारलंच नाही, हे तिच्या लक्षात आलं. अक्षर भरायची एवढी घाई झाली होती तिला.

"काळूराम, बाबांनी फेरी मारली होती?"

"मारली ना. शनिवारी संध्याकाळी. सगळं बघितलं, ब्रेक मारायला लावला."

"मग लिहिलं का नाही? ते रात्रीचे गेले. संध्याकाळभर वेळ होता. रंग ढवळून ठेवलेला होता."

काळूरामनं डोकं खाजवलं. "तेच तर. मला बोलले, सोमवारी भरून घेऊन ये, मग लिव्हतो. मी म्हटलं, दादा, नव्या रंगाच्या गाडीत पूजेआधी माल भरू? शेठ माझी चामडी काढंल. हसले नुसते. बोलले, बरं, सोमवारी ये, मग बघू." तो थांबला. "मला वाटलं, मस्करी करत असतील."

अक्षदा दुकानात गेली. चिंधी टर्पेंटाइनमध्ये भिजवली, आणि परत येऊन तो ओला 'ओ' पुसायला लागली.

"अगो ताई! काय करता!" काळूराम ओरडला. "रविवारी पूजा हाय! शेठला काय सांगू?"

"सांगा, अजून झालं नाही."

रंगाबरोबर खडूची रेषही पुसली गेली. बाबांचा 'ओ' गेला. पिवळ्या जमिनीवर एक गुलाबीसर डाग राहिला. हे होणार, हे तिला चिंधी उचलतानाच कळलं होतं. तिनं चिंधी घडी करून स्टुलावर ठेवली.

आरडाओरड ऐकून मंगळू वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवत आला. सहा फूट उंच, बोलायला खडबडीत. "काय झालं गो अक्षे?"

तिनं सांगितलं. मंगळूचा चेहरा बदलला.

"म्हंजे माझ्या बॉडीत खोट हाय?"

"मी तसं नाही म्हणाले, मंगळूकाका. बाबांना काहीतरी खटकलं होतं. काय, ते मला शोधायचंय."

"मला नाय काय बोलला. वीस वर्सं माझ्या पाठी ऱ्हाऊन चुका काढल्या, आणि हीच तेवढी पोटात ठेवून गेला?" त्यानं मान फिरवली. "बघ, बघ. तुझ्या बापाची पोर तू. बघितल्याबिगर सोडायची नायस."

ती फेरी मारायला लागली. चाकांवरचे चिखलरोधक पत्रे, दोर बांधायचे हूक, फाळक्याच्या कड्या, बिजागऱ्या. तिला यातलं फारसं कळत नव्हतं. पण बाबा कुठे थांबायचे, कुठे हात लावायचे, कुठे वाकायचे, ते पायांना आठवत होतं. मंगळू दोन पावलं मागून येत होता आणि प्रत्येक कडी स्वतःही ओढून बघत होता. शेवटी ती वीस पावलं मागे जाऊन उभी राहिली आणि काळूरामला ब्रेक मारायला सांगितला. दोन्ही लाल दिवे लख्ख पेटले. डावा सिग्नल. उजवा सिग्नल. सगळं ठीक.

"झालं समाधान?" मंगळू म्हणाला.

झालं नव्हतं. भरून आण, असं ते म्हणाले होते. मोकळ्या गाडीत दिसत नाही, असं काय आहे? तिनं काळूरामला खिडकीशी जाऊन विचारलं, "यात काय भरणार तुम्ही?"

"गवत. शेठची वखारच गवताची ना. धसईहून गाठी भरायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना टाकायच्या. होळीपर्यंत तोच धंदा."

"गवत भरलं की काय काय करता? पहिल्यापासून सांगा."

"काय करतो म्हंजे… गाठी रचतो. वरनं दोर मारतो. मागं दोन हात गाठी बाहेर काढतो, तेव्हा कुठं भाडं सुटतं. आणि मग…" तो बोलता बोलता थांबला.

"मग?"

"मग फाळका बंद होत नाय ना, ताई. तो खाली सोडून देतो."

"सोडून दाखवा."

काळूराम खाली उतरला. दोन्ही कड्या काढल्या आणि फाळका सोडला. तो बिजागऱ्यांवर फिरून धाडकन खाली आला आणि लोंबत राहिला. कमळ, पोपट, 'हॉर्न', 'प्लीज', सगळं आतल्या बाजूला गेलं. मागून आता नुसतं उघडं लाकूड दिसत होतं.

"आता ब्रेक मारा."

ती वीस पावलांवर उभी होती. मंगळू तिच्या शेजारी येऊन थांबला होता.

"मारलाय, ताई!" आतून आवाज आला.

दिवा दिसला नाही. एकही नाही. फाळक्याच्या खालच्या कडेला, लाकडाच्या मागून, लालसर उजेडाची एक पुसट चीर होती, आणि तीही या भर उन्हात, आहे म्हटलं तरच दिसणारी.

हायवेवरून एक लांबलचक ट्रेलर नाशिकच्या बाजूला गेला.

"लाकडं वाहायच्या गाडीचं माप घेतलं मी," मंगळू अखेर म्हणाला. "तिचा फाळका बंद असतो. म्हणून दिवे खालच्या पट्टीवर बसवले. गवताची गाडी हाय हे मला ठाव होतं. ठाव होतं गो. पण हात सवयीनं गेला." त्यानं चष्मा कपाळावरून काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिला. "आणि हा माणूस. मेला तरी माझं काम तपासतोय."

"तुम्हाला का नाही सांगितलं, ते कळलं ना?" अक्षदा म्हणाली.

"का?"

"खात्री नव्हती म्हणून. फाळका झाकेल असं वाटलं असेल, पण भरलेली गाडी बघितल्याशिवाय तुमच्या कामाला नाव ठेवायचं नव्हतं. सोमवारी बघून मग भांडले असते."

मंगळू पहिल्यांदाच हसला. "जोरात भांडला असता. चा पण नसता पाजला."

तो दिवे कापून काढायला बसला. दोन्ही बाजूंच्या उभ्या खांबांना बाहेरून लोखंडी हात काढायचे आणि दिवे त्यांवर बसवायचे, म्हणजे फाळका वर असो की खाली, ते उघडे राहतील. तीन तासांचं काम होतं. काळूराम शेठला फोन करायला स्टँडकडच्या बूथवर गेला. अक्षदा दुकानाच्या दारात बसून राहिली. तिच्या पाठीशी नऊ 'ओके' होती.

नवव्याच्या वेळी, दोन वर्षांपूर्वी, तिनं बाबांना विचारलं होतं, "एवढ्या गोष्टी ऐकल्यात. तुम्हाला यातली कोणती खरी वाटते?"

"माझी येगळीच हाय," चंदर म्हणाला होता. इतक्या वर्षांत तो हे कधी बोलला नव्हता.

त्याचे वडील कसाऱ्याला रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे कामगार, होते. पोरगा जेवणाचा डबा घेऊन खर्डीहून जायचा. घाट चढण्याआधी मालगाडी थांबायची. तिथं एक म्हातारा माणूस लांब दांड्याचा हातोडा घेऊन गाडीच्या एका टोकापासून चालायला लागायचा. प्रत्येक चाकावर एक ठोका, आणि कान लावून ऐकायचा. चाक नीट असेल तर घंटेसारखं वाजतं, चीर असेल तर भद्द. ऐकून झालं की खडूनं डब्यावर दोन अक्षरं लिहायची, आणि पुढचा डबा. ऊन असो, पाऊस असो, चाळीस डबे असोत की साठ.

"एकदा मी त्याला बोललो, काका, मी लिव्हू का? सोपं तर हाय, एक गोल आणि एक काठी-फांदी. त्यानं खडू माझ्यासमोर धरला. बोलला, लिव्ह, पण आधी ठोका तू मार आणि ऐक तू. ज्यानं बघितलं त्यानंच लिव्हायचं." चंदरनं ब्रशाचं टोक बोटांनी नीट केलं. "तिथनं शिकलो बघ. ते अमेरिकेतनं आलं का साबणातनं आलं, मला ठाव नाय. माझ्याकडं कसाऱ्याहून आलं."

"पण बाबा, रेल्वेतलं ठीक. ट्रकवर कोण विचारतंय? गाडीवाल्याला तर फक्त शोभा हवी असते."

"गाडीवाल्याला कुठं सांगतोय मी? तो तर पुढं बसलाय, त्याला दिसत पण नाय. हे मागनं येणाऱ्यासाठी हाय. कोण हाय ते आपल्याला ठाव नसतं. स्कूटरवर असंल, पोराला घेऊन असंल. त्याला सांगायचं की बाबा रे, ही गाडी मी बघितलीय."

त्या गोष्टीचं 'ओके' त्यानं दारावर काढलं नव्हतं. काढायला जागा होती. अक्षदानं तेव्हा विचारलं नाही, आणि आता उत्तर मिळायला बाराशे-तेराशे ट्रक शोधत हिंडावं लागलं असतं. ते सगळे रस्त्यांवर होते, आणि प्रत्येकाच्या पाठीवर कसाऱ्याहून आलेलं ते 'ओके' लिहिलेलं होतं.

तिला रडू आलं. मंगळूच्या वेल्डिंगकडे बघितल्यानं आल्यासारखं दाखवत तिनं डोळे पुसले.

तीन वाजता काळूरामनं फाळका खाली सोडला आणि ब्रेक मारला. वीस पावलांवरून दोन्ही दिवे दिसले. फाळका वर घेतला, पुन्हा मारला. दिसले. मंगळू चाळीस पावलांवर गेला, मग रस्त्याच्या कडेला गेला, आणि तिथून त्यानं हात वर केला.

अक्षदानं खडू घेतला. 'के'ची बाबांची आखणी शाबूत होती. 'ओ' तिला स्वतः काढावा लागला. तिनं दोन वेळा काढला, दोन वेळा पुसला, तिसऱ्यांदा राहू दिला. मग रंग भरला, काळी सावली दिली.

काळूराम मान तिरकी करून बघत होता. "ताई, राग नका मानू. 'ओ' जरा आडवा झालाय. दादाचा गोल असायचा."

"हो," ती म्हणाली. "वीस पावलं मागे जाऊन बघा."

तो गेला, आणि तिथून म्हणाला, "आता वाचता येतंय."

कोपऱ्यातली बारीक जागा उरली होती. ती ब्रश हातात धरून थांबली. मंगळू जवळ आला.

"त्याचंच टाक," तो म्हणाला. "आधी बघितलं त्यानं. आपण दोघं मागनं आलो."

तिनं लिहिलं, 'चंदर पेंटर, शहापूर'. मग आत जाऊन ब्रश धुवायला घेतला.